कच्चं सोयाबीन, एन्झाइमची पुडी आणि ओलं लिटर

प्रश्न: सर नमस्कार. औसा तालुका, जि. लातूर. ३००० पक्ष्यांचं ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे. इंटिग्रेशन (कंपनीचा करार) सोडलं, आता पिल्लू बाहेरून घेतो आणि मॅश फीड (दळलेलं खाद्य) घरीच बनवतो. घरचं सोयाबीन पडून आहे, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ पण आडतीवर ४२०० च्या वर कोणी विचारत नाही. औषधाचा दुकानदार म्हणाला ही मल्टी एन्झाइमची पुडी टनाला ५०० ग्रॅम टाका, मग घरचं सोयाबीन कच्चंच दळून १५ टक्के चालतं, डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) तेवढी कमी करा, मेथिओनिन लायसिन (वरून घालायची अमिनो आम्लं) पण लागत नाही. एक बॅच तशी काढली. लिटर (शेडमध्ये पसरलेलं तूस) ओलं, पक्षी लहानमोठे, ३८ दिवसाला सरासरी दीड किलो पण भरली नाही आणि एफसीआर (किलो वजनाला लागलेलं खाद्य) २.२ वर गेला. आता तो म्हणतो डोस डबल करा. करू का? पाण्यातून दिलं तर जास्त लागू पडेल का? आणि फायटेज वेगळं घ्यायचं असतं का?

उत्तर:

दादा, डोस डबल करू नका. पुडी चारपट टाकली तरी कच्च्या सोयाबीनचं काही होणार नाही. शेडमध्ये आत्ता दुसरी बॅच चालू असेल आणि तिलाही तेच फीड जात असेल तर आजच्या आज ते थांबवा, डीओसीवर या, बाकीचं पत्र नंतर वाचा.

थांबवलं ना? आता सांगतो.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, मुख्य दोन, कुनिट्झ आणि बोमन-बर्क. पक्षी प्रोटीन पचवायला स्वतःच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन सोडतो, हे दोघं त्या ट्रिप्सिनला आतड्यात जाऊन घट्ट धरतात आणि निकामी करतात. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं, पण खरं नुकसान याच्या पुढे आहे. आतड्यात मोकळं ट्रिप्सिन कमी पडलं की शरीराला वाटतं अजून सोडायला पाहिजे, मग स्वादुपिंड सोडतच राहतं, सोडतच राहतं, फुगून मोठं होतं (मेलेला पक्षी उघडून बघितलात तर आतड्याच्या पहिल्या वेटोळ्यात ते फिकट गुलाबी लांबट स्वादुपिंड नेहमीपेक्षा जाड दिसेल), आणि हे जे ट्रिप्सिन वाया जातं त्यात गंधकवालं सिस्टिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. म्हणजे सोयाचं प्रोटीन तर पचत नाहीच, वर पक्षी स्वतःचंच प्रोटीन विष्ठेवाटे टाकून देतो, आणि ते सिस्टिन भरून काढायला शरीर मेथिओनिन वापरतं. आणि तुमच्याकडे नेमकं मेथिओनिनच बंद केलेलं! दोन्ही बाजूंनी मारलं त्या पिल्लांना. दीड किलोच्या आत राहिले यात मला तरी नवल वाटत नाही.

ही काही नवीन माहिती नाही हो, १९१७ साली अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर दाखवलं होतं की कच्च्या सोयाबीनवर वाढ खुंटते आणि तेच शिजवून दिलं की नीट होते. शंभर वर्षं झाली तरी दुकानात अजून पुडी विकली जाते.

मग प्रोटिएज (प्रोटीन तोडणारं) एन्झाइम टाकून हे इनहिबिटर तोडता येत नाहीत का, असं तुम्ही विचाराल. थोडे तुटतात, नाही असं नाही. पण इनहिबिटर स्वतःच प्रोटीन असूनही पचायला फार चिवट असतात, बोमन-बर्क तर गंधकाच्या सात बंधांनी आवळून बांधलेला छोटासा रेणू आहे. त्यात ब्रॉयलरच्या पोटात खाद्य राहतं किती, आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण ४ ते ६ तास. एवढ्या वेळात १५ टक्के कच्च्या सोयाचा इनहिबिटर निस्तरेल असं एन्झाइम टनाला अर्धा किलोत मिळत नाही. याला औषध एकच, उष्णता. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ इनहिबिटर नसलेलं एनआरसी १२७ वाण काढलंय हे खरं, पण त्यातही बोमन-बर्क राहतोच, आणि तुमच्या शेतात बहुतेक केडीएस ७२६ नाहीतर जेएस ३३५ असणार, तेव्हा तो विषय सोडा.

आता घरच्या सोयाबीनचं काय करायचं. हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो अजिबात चुकीचा नाही, फक्त उत्तर देणारा चुकीचा भेटला. हिशोब असा मांडा. १०० किलो सोयाबीनमध्ये साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास डीओसी असते. म्हणजे नीट भाजलेलं नाहीतर एक्सट्रूडरमधून (दाब आणि उष्णतेने शिजवणाऱ्या मशीनमधून) काढलेलं १०० किलो फुलफॅट (तेल न काढलेलं) सोया तुमच्या फीडमधली ८० किलो डीओसी आणि वरून १८ किलो तेल वाचवू शकतं. समजा डीओसी किलोला ३६ रुपये आणि फीडला वापरता ते तेल ११० रुपये धरलं तर २८८० अधिक १९८०, म्हणजे ४८६०. आडतीवर ४२०० मिळतायत. मधले साडेसहाशे तुमचे, पण त्यातून भाजणावळ किंवा एक्सट्रूजनचे पैसे, वाहतूक, घट, हे सगळं वजा करायचं. आणि अजून एक वजाबाकी, भाजून साधं दळलेल्या सोयातलं सगळं तेल पक्ष्याला मिळत नाही कारण ते दाण्याच्या पेशीत अडकून राहतं, एक्सट्रूडरमध्ये दाब आणि उष्णतेने पेशी फुटतात म्हणून त्यात जास्त मिळतं. म्हणून भाजलेल्याला १८ ऐवजी १५ किलोच तेल धरा. १५ ने केलं तर बेरीज ४५३० वर येते, भाजणावळ वजा जाता फार उरत नाही, बघा. हे दर मी उदाहरणाला घेतलेत, तुम्ही तुमच्याकडचे टाका. डीओसी महाग असते तेव्हा हे गणित एकदम फिरतं, २०२१ आठवतंय ना, सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं होतं आणि डीओसी परवडेना म्हणून सरकारला १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेली) सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली होती. म्हणून दर महिन्याला हा कागद नव्याने मांडायचा.

फुलफॅट १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. १५ टक्के म्हणजे टनाला १५० किलो, त्यातूनच २५ किलोच्या आसपास तेल येतं, बाहेरचं तेल जवळजवळ संपलंच, त्याच्या पुढे वाचवायला काही उरत नाही आणि चरबी मऊ पडते, व्यापारी लिफ्टिंगला (पक्षी उचलायला) कुरकुर करतो. पहिल्या दहा दिवसांच्या पिल्लांना तर देऊच नका, डीओसीवरच ठेवा. आणि दळलेलं फुलफॅट आठवडाभराच्या वर ठेवायचं नाही, खवट होतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर.

घरच्या कढईत भाजून चालेल का? नाही चालणार. बाहेरून काळं आणि आतून कच्चं होतं. एक्सट्रूडरला १३५ ते १५० डिग्री मिळते, काही सेकंदच, पण दाब आणि ओलाव्यासकट. गावठी उपाय म्हणून भिजवून अर्धा तास उकळणं हे खरं म्हणजे कढईपेक्षा चांगलं काम करतं पण ३००० पक्ष्यांच्या फीडचं सोयाबीन उकळून वाळवणार कुठे, पावसाळ्यात बुरशी धरेल ती वेगळी. तेव्हा एक्सट्रूडरवाला शोधा नाहीतर सरळ विकून डीओसी घ्या.

शिजलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, त्याला टेस्ट लागते, आणि हे फुलफॅटला जसं लागू आहे तसंच विकतच्या डीओसीलासुद्धा. युरिएज (सोयातलंच, शिजल्यावर मरणारं एन्झाइम) टेस्ट करून घ्या, आकडा ०.०५ ते ०.२० मध्ये पाहिजे, ०.३० च्या वर म्हणजे कच्चं. पण युरिएजमध्ये एक फसवणूक आहे, माल जळाला तर तो शून्य दाखवतो, आणि थोडा जास्त जळाला काय किंवा कोळसा झाला काय, शून्याच्या खाली आकडा जातच नाही. म्हणून सोबत केओएच सोल्युबिलिटी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रोटीन विरघळतं ती टेस्ट) करायची, ती ७५ ते ८५ टक्क्यांत बसली पाहिजे. ७० च्या खाली म्हणजे जास्त शिजलं, त्यात लायसिन साखरेला चिकटून बसतं, रिपोर्टवर प्रोटीन ४६ च दिसतं आणि पक्ष्याला मात्र लायसिन मिळत नाही. सगळेजण डीओसी घेताना फक्त प्रोटीन किती आणि रेती किती एवढंच बघतात, माझ्या मते युरिएज आणि केओएच हे दोन आकडे त्याहून महत्त्वाचे आहेत, आणि कुठलीही एन्झाइमची पुडी घ्यायच्या आधीचे आहेत. घरच्या घरी करायची असेल तर युरिया-फिनॉल रेडचं द्रावण मिळतं, बशीत पेंड पसरून ते ओतायचं, पाच मिनिटांनी बघायचं. इकडेतिकडे लाल ठिपके आले तर ठीक, अर्ध्याच्या वर बशी लाल झाली तर कच्चं, एकही ठिपका नाही तर एकतर नीट शिजलंय नाहीतर जळालंय, तेव्हा लॅबला पाठवा. लॅबसाठी लांब जायची गरज नाही, तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या पशुपोषण विभागात विचारा, तिथे टेस्ट होत नसेल तर कुठे होते ते तरी नक्की सांगतील.

आता एन्झाइम. वरचं वाचून असं समजू नका की एन्झाइम म्हणजे सगळं थोतांड. नाही. पण ते कशावर काम करतं हे माहीत नसेल तर ती नुसती महागडी पावडर आहे.

चांगल्या डीओसीत प्रोटीन ४६ टक्के, त्यातलं लायसिन पक्ष्याला ८८ ते ९० टक्के पचतं. म्हणजे प्रोटीनच्या बाजूला सुधारायला जागा उरली दहा-बारा टक्के. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, एन्झाइम न पचलेल्या भागावरच काम करू शकतं, जे आधीच पचतंय त्याला ते काय करणार. म्हणून उत्तम डीओसीवर प्रोटिएजचा फरक थोडाच दिसतो, साधारण डीओसीवर जास्त दिसतो, आणि मग कंपनीचा माणूस येऊन एका शेडवरचा भारी रिझल्ट दाखवतो तेव्हा त्याला पहिलं विचारायचं की तिथली डीओसी कशी होती.

खरी गळती प्रोटीनमध्ये नाहीच, ती कर्बोदकांत आहे. सोया डीओसीत जवळजवळ तिसरा हिस्सा कर्बोदकं असतात आणि कोंबडीला ती फारशी वापरता येत नाहीत. डीओसीत एकूण एनर्जी किलोला ४२०० किलोकॅलरीच्या आसपास भरते, ब्रॉयलरला त्यातली मिळते २२५० ते २४५०, निम्म्याहून जराशी जास्त. तीच पेंड डुकराला घातली तर ३३०० च्या आसपास मिळते, कारण त्याच्या मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवून वापरायला देतात. कोंबडीचं मागचं आतडं लहान, खाद्य पुढे निघून जातं.

त्या कर्बोदकांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या दोन साखरा आहेत, मिळून पाच-सहा टक्के. राजमा किंवा वाल खाल्ल्यावर आपलं पोट कसं गुबारतं, त्याच्यामागे याच साखरा. या तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं, ते कोंबडीच्या आतड्यात नाही आणि आपल्याही नाही. त्या तशाच मागे जातात, जंतू त्यांच्यावर ताव मारतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, विष्ठा पातळ आणि चिकट. मग अल्फा-गॅलॅक्टोसिडेज टाकलं की प्रश्न मिटला? कागदावर हो. प्रत्यक्षात साखरा तुटल्या तरी वजनात आणि एफसीआरमध्ये काही ट्रायलमध्ये फरक दिसतो आणि काहींत दिसत नाही. मी स्वतः याला पहिला खर्च म्हणून सांगत नाही.

दुसरी गोष्ट बीटा-मॅनन हा तंतूचा प्रकार, डीओसीत एक-दीड टक्काच असतं पण त्रासदायक. पक्ष्याची प्रतिकारशक्ती त्याला जंतूच समजते आणि विनाकारण लढायला लागते, त्यात एनर्जी जाते. बीटा-मॅननेज हे तोडतं. सोया जास्त असलेल्या फीडला, म्हणजे स्टार्टरला (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला), याचा विचार करायला हरकत नाही.

झायलनेज मात्र सोयासाठी नाही हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण प्रत्येक पुडीवर पहिलं नाव तेच असतं. सोयाच्या तंतूत पेक्टिनसारखे प्रकार जास्त आणि झायलन कमी. झायलनेज काम करतं ते मक्यावर, आणि त्याहून कितीतरी जास्त गव्हावर. युरोपात, ऑस्ट्रेलियात पक्ष्यांना गहू घालतात, तिथे गव्हाने आतड्यात खळ झाल्यासारखं घट्ट होतं आणि एन्झाइम टाकलं की फरक लगेच दिसतो. बार्लीवर असाच फरक अमेरिकेत १९५७ मध्येच दाखवला होता. आपला मका-सोया मुळात बऱ्यापैकी पचणारा आहे, इथे फायदा आहे पण तिकडच्या ब्रोशरमधले आकडे इथे लावू नका. कधी मका महाग म्हणून गव्हाचा कोंडा किंवा तुटका गहू घातलात तर मात्र झायलनेज जरूर.

सेल्युलेज, लायपेज, अमायलेज ही नावं बहुतेक वेळा लेबल भरायला असतात. स्टार्च आणि तेल पचवायची सोय पक्ष्याकडे स्वतःची आहे, फक्त पहिल्या आठवड्यात ती जरा कमी असते.

आणि मेथिओनिन, लायसिन लागत नाही हे तर निव्वळ खोटं. सोयाच्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन मुळातच कमी, डीओसीत सगळं मिळून ०.६ टक्क्याच्या आसपास. एन्झाइम आहे ते मोकळं करेल, नाही ते आणणार कुठून?

आता फायटेज. तुम्ही शेवटी सहज विचारलंय पण माझ्या मते एकच एन्झाइम घ्यायला पैसे असतील तर हेच घ्या, वेगळं, नाव आणि युनिट लिहिलेलं. मका आणि सोयामधला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, पक्षी तो सोडवू शकत नाही, म्हणून आपण वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतो आणि अडकलेला फॉस्फरस खतात जातो. हॉलंडमध्ये खताच्या फॉस्फरसने पाणी खराब व्हायला लागलं, कायदे कडक झाले, आणि १९९१ मध्ये तिथेच पहिलं व्यापारी फायटेज बाजारात आलं. फायटेट नुसता फॉस्फरसच नाही, झिंक, कॅल्शियम आणि थोडं प्रोटीनही धरून ठेवतो, तेव्हा तो तुटला की सोयाच्या प्रोटीनलाही थोडा हात लागतो.

हिशोब करून दाखवतो. नेहमीचा डोस किलो फीडला ५०० एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचं युनिट). टनाला म्हणजे ५ लाख एफटीयू. पुडीवर ५००० एफटीयू प्रति ग्रॅम लिहिलं असेल तर १०० ग्रॅम झाले, २५०० लिहिलं असेल तर २०० ग्रॅम. एवढ्यातून उपलब्ध फॉस्फरस साधारण ०.१० ते ०.१५ टक्के मिळतो, आपण सावध राहून ०.१२ धरू. टनाला १.२ किलो फॉस्फरस, डीसीपीमध्ये १८ टक्के, म्हणजे साडेसहा किलोच्या थोडं वर डीसीपी कमी करता येतो. टनाला १८ किलो टाकत असाल तर साडेअकरा. आता इथे लोक एक चूक करतात, डीसीपी काढला म्हणून तेवढाच एलएसपी (चुनखडीची पूड) वाढवतात. तसं करू नका. साडेसहा किलो डीसीपीबरोबर दीड किलोच्या आसपास कॅल्शियम गेलं, पण फायटेज स्वतःही एक-सव्वा किलो कॅल्शियमची भरपाई करतं, तेव्हा एलएसपी किलोभर वाढवला तरी पुरे. कॅल्शियम जास्त झालं की ते फायटेटला जाऊन चिकटतं आणि पोटातलं आम्लही मारतं, मग फायटेज टाकूनही काम करत नाही. आणि त्या मल्टी पुडीवर नुसतं "फायटेज" लिहिलंय, युनिट नाही, तिच्या भरवशावर डीसीपी कमी केलात तर दोन-तीन आठवड्यात पक्षी लंगडायला लागतील, हे आधीच सांगून ठेवतो.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. एन्झाइम वापरायच्या दोन पद्धती आहेत. एक, आहे त्या फॉर्म्युल्यात वरून टाकणे. दुसरी, एन्झाइम जेवढं देणार तेवढं फॉर्म्युल्यातून आधी कमी करणे, याला मॅट्रिक्स देणे म्हणतात. फीड आधीच भरपूर असेल तर वरून टाकलेल्या एन्झाइमचा पक्ष्याला उपयोग दिसत नाही, तुमचा खर्च मात्र वाढतो. पैसे वाचतात ते मॅट्रिक्सने. झायलनेज, मॅननेजवाले सांगतात किलोला ७०-८० किंवा १०० किलोकॅलरी धरा. तुम्ही सुरुवातीला निम्मं धरा. समजा ५० धरली, टनाला ५०,००० किलोकॅलरी. तेल किलोला ८८०० किलोकॅलरीची वस्तू पण ते काढलं की त्याच्या जागी मका येतो आणि मक्यातही ३३५० आहेतच, म्हणजे फरक ५४५० चा, भागाकार केला की नऊ किलो तेल कमी होतं आणि नऊ किलो मका वाढतो. नऊ किलो तेल आणि नऊ किलो मका यातला दराचा फरक काढा, त्याच्यापेक्षा पुडी स्वस्त पडत असेल तर घ्या, नाहीतर नको. एवढं सोपं आहे, पण हा भागाकार दुकानात कोणी करून देत नाही. एक लक्षात असू द्या, तीन एन्झाइम एकत्र टाकून तिघांचं मॅट्रिक्स बेरीज करून धरायचं नाही, तिघंही त्याच न पचलेल्या भागावर हक्क सांगतायत.

पुडी घेताना प्रत्येक एन्झाइमचं ग्रॅममागे युनिट लिहिलंय का बघा. दहा एन्झाइमची नावं आणि एकाचंही युनिट नाही तर ठेवून द्या परत. झायलनेज, प्रोटिएजचे युनिट दोन कंपन्यांचे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी, तेव्हा याचे २०,००० आणि त्याचे ८००० म्हणून हा भारी असं नसतं. फायटेजचं एफटीयू त्यातल्या त्यात सारखं.

मॅश फीड आहे हे तुमच्या फायद्याचं आहे. पेलेटला ८०-८५ डिग्री वाफ बसते, साधं एन्झाइम त्यात मरतं, तुम्हाला ती भानगड नाही, महाग कोटेड माल घ्यायची गरज नाही. पण मिसळणं नीट पाहिजे. १०० ग्रॅम एक टनात सरळ भिरकावून होत नाही, आधी किलोभर मक्याच्या भरड्यात, मग ते पाच किलोत, मग वीस-पंचवीस किलोत, आणि मग मिक्सरमध्ये. तुमचे पक्षी लहानमोठे झाले त्यात कच्च्या सोयाचा वाटा मोठा असला तरी मिक्सिंगचाही असू शकतो, मिक्सर किती मिनिटं फिरतो तेही बघा. कोलीन क्लोराइड आणि मिनरल मिक्श्चरच्या पिशवीत एन्झाइम मिसळून महिनाभर ठेवू नका, कोलीन ओल धरतं आणि एन्झाइम मरतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात तर नकोच.

पाण्यातून देऊ नका. मॅश फीड असताना त्याची गरज नाही, उन्हाळ्यात पक्षी दुप्पट पाणी पितो आणि हिवाळ्यात कमी, डोस कधीच जुळत नाही, टाकीत पावडर तळाला बसते आणि निपलमध्ये (पक्ष्याच्या पाण्याच्या तोटीत) जाऊन अडकते.

लिटरबद्दल एक राहिलं. कच्चं सोया बंद झालं तरी लिटर पूर्ण कोरडं होईलच असं नाही. सोया डीओसीत पोटॅशियमच दोन टक्क्याच्या आसपास असतं, पक्षी जास्त पाणी पितो, त्यात फीडमध्ये मीठ किंवा सोडा जास्त पडला असेल, निपल गळत असेल, किंवा कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) असेल तर कुठलंही एन्झाइम ते सुकवणार नाही. विष्ठेत रक्ताचा किंवा नारिंगी रंग दिसतोय का बघा आणि दिसला तर डॉक्टरला दोन-चार पक्षी उघडून दाखवा. तूस नवीन घातलं तर हाताने रोज हलवायला लावा.

पुढची बॅच अशी करा. सगळी डीओसीवर, मेथिओनिन लायसिन पूर्ववत, एन्झाइम फक्त फायटेज आणि डीसीपी वरच्या हिशोबाने कमी. ही बॅच नीट निघाली की त्याच्या पुढच्या वेळी शेडच्या मध्ये जाळी लावून दोन भाग करा, एकाच हॅचरीची पिल्लं दोन्हीकडे सारखी, दोन्हीकडे तेलातून ५० किलोकॅलरी कमी केलेलं तेच फीड, एका बाजूला झायलनेज-मॅननेज आणि दुसरीकडे नाही. फीडच्या गोण्या वेगळ्या मोजा, दर आठवड्याला दोन्हीकडचे शंभर-शंभर पक्षी वजन करा, पकडताना फक्त जवळचे आणि मोठे उचलू नका. हिवाळ्यातल्या बॅचची उन्हाळ्यातल्या बॅचशी तुलना करून एन्झाइम चांगलं की वाईट ठरवायचं नाही, त्यात हवामानाचाच फरक जास्त असतो.

फुलफॅट करायचं ठरलं तर एक्सट्रूडरवाल्याकडून पहिल्यांदा फक्त एक क्विंटल काढून घ्या आणि त्याचा युरिएज, केओएच, तेल आणि ओलावा एवढे चार आकडे करून मला पाठवा, सोबत तुमचा सध्याचा स्टार्टर आणि फिनिशरचा फॉर्म्युला किलोमध्ये लिहून, त्यात डीसीपी आणि एलएसपी कुठल्या ग्रेडचा तेही. मग किती टक्के बसवायचं ते सांगतो. युरिएज ०.३० च्या वर आला तर त्याला मशीनचं तापमान वाढवून परत काढून द्यायला सांगा, आणि तो क्विंटल पक्ष्यांना घालू नका.